सुरतच्या खुणेवर कोणीच उभं राहिलं नाही

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा खोटारडा असतो, हे मी कुठेही उभी राहून सांगायला तयार आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत डझनभर ग्रीनलंडं मावतील आणि वर जागा उरेल. पृथ्वी गोल, कागद सपाट, म्हणून असं होतं, हे मान्य. पण मग तसं पोरांना सांगा ना. आमच्या वर्गात तो नकाशा वर्षानुवर्षं लटकत होता. देश पाठ करून घेतले, राजधान्या पाठ करून घेतल्या. कुठं किती माणसं राहतात, आणि जिथं जास्त राहतात तिथं वाट्याला कमी का येतं, हा प्रश्न एकदाही आला नाही.

मला राग लवकर येतो. आमच्या कामगार संघटनेतले म्हणाले, हिला पत्रकं लिहायला बसवा, म्हणजे राग कामी येईल. तसंच झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते, वाटते आणि सुरतेत आमच्या पांडेसरा भागातल्या भिंतींवर चिकटवते. मिलमध्ये रंगखात्यात पंखे लावा, गटारावर झाकण टाका, असं सगळं. पत्रकाची रीत ठरलेली असते. वर ठळक अक्षरात मागणी, मध्ये दोषी कोण, खाली सभा कुठे. यातली मधली ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त आवडायचं.

ज्या मागणीबद्दल सांगतेय ती अंगणवाडीची. आमच्या मागच्या चार गल्ल्यांना अंगणवाडी नव्हती. होती ती खाडीच्या पलीकडे, मोठा रस्ता ओलांडून, आणि तिथं पोरं आधीच दाटीवाटीने बसलेली. आमच्याकडच्या बायका घरी धागा कटिंग करतात. एम्ब्रॉयडरी मशीनवरून आलेल्या साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते कात्रीने कापायचे. सकाळी गठ्ठा येतो, संध्याकाळी जातो. दारात बसून कापायचे, एक डोळा साडीवर, एक पोरावर.

माझ्या वहिनीला यातून बाहेर पडायचं होतं. तिला शिलाई येते, चांगली येते. जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका युनिटने तिला मशीनवर बसायला बोलावलं होतं, दिवसभराचं काम. आई मिलच्या कँटीनला पोळ्या लाटायला जाते, भाऊ फोल्डिंगखात्यात, मी दिवसभर बाहेर. राहिली वहिनीची मुलगी, माझी भाची, अडीच वर्षांची. घरात ठरून गेलं होतं: अंगणवाडी झाली तर उत्तम, नाहीतर आखाजीला गावी जाऊ तेव्हा पोरीला काकूजवळ ठेवून यायचं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशातली बाई त्या सणाला कुठंही असली तरी गाव गाठते.

हे मला चालणार नव्हतं, कारण मी स्वतः तशी ठेवलेली पोरगी आहे. तीन वर्षांची होते तेव्हापासून शाळेत घालेपर्यंत मी काकूजवळ होते, शिरपूरकडच्या आमच्या गावी. काकूने काही कमी केलं नाही. पण सुरतला परत आले तेव्हा मी आईला 'तुम्ही' म्हणत होते. 'तुम्ही मला पाणी देता का?' आई अजून हे हसत हसत सांगते, आणि सांगून झालं की उगाच डबे पुसायला उठते.

तर आम्ही अर्ज दिला. उत्तर आलं की सर्व्हे झालेला आहे, तुमच्या भागात कायम राहणारी लहान मुलं पुरेशी नाहीत.

पुरेशी नाहीत! आमच्या गल्लीत सकाळी चालायला जागा नसते, पोरांवर पाय पडतो. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. घरात पाऊल न टाकता आकडे भरणाऱ्यांचा जाहीर निषेध. सर्व्हे करणाऱ्या बेन, म्हणजे पलीकडच्या अंगणवाडीच्या बाई, ऑफिसात बसून फॉर्म भरतात, असं मी ठळक अक्षरात छापलं. पुराव्याची मला गरज वाटली नाही. गल्ली माझी, पोरं माझ्या डोळ्यासमोर, आणखी काय पुरावा हवा?

सभेला पाच बायका आल्या. त्यात दोघी आमच्याच घरच्या.

संघटनेत सुरतच्याच कतारगाम भागातून येणाऱ्या एक ताई आहेत, हिऱ्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या. त्या म्हणाल्या, "तुझी पत्रकं वाचून माणसं चिडतात, पण चिडून घरीच बसतात. येत्या रविवारी जरा जग दाखव त्यांना." आणि त्यांनी मला एक नकाशा दिला. त्यात देशांचे आकार जमिनीवरून काढलेले नव्हते, माणसांवरून काढलेले होते. भारत पुरीसारखा टम्म फुगलेला. चीन तसाच. बांगलादेश, जो शाळेच्या नकाशात शोधावा लागतो, तो चांगला गुबगुबीत. आणि एवढा मोठा रशिया धाग्यासारखा बारीक होऊन वरून लोंबत होता. कॅनडाचं तर कातरण झालेलं. मी तो नकाशा मांडीवर घेऊन खूप वेळ बघत बसले. ज्याने कोणी हा काढला त्याला आधी विचारावं लागलं असेल की मोजायचं काय, माती की माणूस. शाळेच्या नकाशानेही मोजमाप निवडलेलंच होतं. फक्त ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

रविवारी देवळाच्या पत्र्याच्या मंडपात मी वीस बायका जमवल्या. चहा आहे असं सांगितलं होतं, त्यामुळे आल्या. भावाने मिलमधून कापडाच्या ताक्यांवर खुणा करायचा जाड खडू आणला होता. त्या खडूने मी फरशीवर जग काढलं, पाठ केलेलं सगळं कामी आलं. मग म्हटलं, तुम्ही वीसजणी म्हणजे जगातली सगळी माणसं. आता आपापल्या खंडात उभ्या राहा, मी सांगते तशा.

बाराजणींना आशियात घातलं. आफ्रिकेत तिघी. युरोपात दोघी. मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत दोघी. वरच्या अमेरिकेत, म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून, एकटी वहिनी. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला पूर्ण बाई येईना, म्हणून तिथं कोणाची तरी चप्पल ठेवली.

"ए, सरक की गं! चीन किती जागा घेतो!"

"मी कुठं घेते? मला मागून जपान ढकलतंय."

हसणं चाललं होतं तेव्हाच मी मंडपाच्या दहा खुर्च्या आणल्या. म्हटलं, ही जगाची एका वर्षाची कमाई, ढोबळमानाने. वरच्या अमेरिकेला तीन खुर्च्या दिल्या. युरोपला अडीच, म्हणजे तिसरीच्या अर्ध्या भागावर टेकायचं. आशियाच्या बाराजणींना चार. उरलेली अर्धी खाली दक्षिण अमेरिकेकडे सरकवली, आणि आफ्रिकेच्या तिघींना म्हटलं, तुमच्या वाट्याला त्याच खुर्चीचा एक पाय येतो, तो धरून राहा.

आफ्रिकेत आमच्या शेजारच्या नांदेडच्या मावशी होत्या. बांधकामावर पाट्या उचलून पाठ मोडलेली बाई. त्या म्हणाल्या, "काय करलालीस गं पोरी? आम्ही काय उभंच राहायचं का?"

"हो मावशी. तोच मुद्दा आहे."

"मुद्दा राहू दे तुझा. कंबर धरली माझी." आणि त्या सरळ चालत अमेरिकेत गेल्या आणि वहिनीच्या एका खुर्चीवर बसल्या.

"अशी कोणी येऊ देत नाही मावशी तिकडे," मी म्हटलं.

"कोण अडवतंय? ही?" मावशींनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने आपली दुसरी खुर्चीही पुढे सरकवली. सगळा मंडप हसला. माझी आई आशियात, तिघींमध्ये एका खुर्चीच्या कडेवर टेकलेली होती, ती म्हणाली, "आपन बी आसंच आलो ना सुरतले. जठे खुर्ची तठे."

हे वाक्य ऐकून मी खूश झाले. वाटलं, लागलं, बरोबर ठिकाणी लागलं. म्हणून लगेच पुढचा भाग घेतला. जग पुसलं आणि दुसरा नकाशा काढला, आपला. उजवीकडून डावीकडे तापी काढली. तापीच्या तोंडाशी मोठा गोल करून सुरत. मग नदी धरून उलटं जात नंदुरबार, शिरपूर, अमळनेर. बाजूने रेल्वेची रेघ. पार तिकडे कोपऱ्यात नांदेड. आणि म्हटलं, "आता कोणी सांगायचं नाही. आपण जिथं राहतो तिथं जाऊन उभ्या राहा."

मी सुरतच्या गोलात जाऊन उभी राहिले. माझा डाव असा होता की सगळ्या माझ्याभोवती येतील, गोलात जागा पुरणार नाही, धक्काबुक्की होईल, आणि मग मी म्हणेन, बघा, आणि ते म्हणतात पुरेशी माणसं नाहीत!

बायका माझ्या बाजूने निघून गेल्या. एक नंदुरबारला गेली, तिच्यामागे आणखी तिघी. अमळनेरवर गर्दी झाली. मावशी एकट्या नांदेडच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, एवढ्या लांब की त्यांना मंडपाच्या खांबाला टेकता आलं. आई शिरपूरला गेली. वहिनी थोडी थांबली, आईकडे बघितलं, आणि आईमागे जाऊन उभी राहिली. कडेवर भाची.

सुरतच्या गोलात मी एकटी.

"अगं, राहता कुठं विचारलं मी," मी ओरडलेच. "झोपता कुठं? पाणी कुठं भरता?"

आई शांतपणे म्हणाली, "आमनं घर तठे शे. आठे नुसतं काम शे."

घर तिकडे, इथं बावीस वर्षांचं नुसतं काम. मी ज्या दवाखान्यात जन्मले तो इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

कतारगामच्या ताई मागे बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, सर्व्हेवाल्या बेन आल्या होत्या तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

मी म्हणणार होते की ताई, त्या आल्याच नव्हत्या. पण आधी मावशी बोलल्या. "आल्या होत्या की. दोनदा आल्या. मी सांगितलं, आम्ही नांदेडचे."

एकेक बाई बोलायला लागली. बेन आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं होतं, अहीं कायमी रहो छो? कायम इथेच राहता का? आणि गल्लीतल्या एकूण एक बाईने साडीवरून मान वर करून तेच सांगितलं होतं. आईनेही. तिने तर गुजरातीत सांगितलं होतं, "ना बेन, अमे तो गामना." आम्ही तर गावचे. आणि नातीला आत घेऊन दार लोटलं होतं.

मला आईचा इतका राग आला की मी खडू फेकला. घरी जाईपर्यंत बोलले नाही, आणि घरी गेल्यावर फार बोलले. तुझ्या एका वाक्याने पोरगी गावी चाललीय, असं म्हटलं. तुम्ही स्वतःच स्वतःला नकाशावरून पुसलंत, असंही म्हटलं. पत्रकात चांगलं दिसलं असतं ते वाक्य.

आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "आणि इथलं सांगितलं असतं, आणि तिकडचं रेशन कार्ड कटलं असतं तर? ग्रामपंचायतीत घर आपल्या नावावर आहे, ते कोणी म्हटलं असतं की हे तर सुरतचे झाले, तर? तुझं लग्न जमवायला माणसं येतील तेव्हा पहिलं काय विचारतील? गाव कोणतं. सुरत सांगू? म्हणतील यांना गावच नाही."

"माझं लग्न अंगणवाडीत कुठून आलं?"

"सगळीकडून येतं ते."

वहिनी पोरीला भरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, मला तेव्हा विचारलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं."

"तू होतीस ना दारात."

"होते. पण तुम्ही आधी बोललात."

भाचीने घास थुंकला.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते सरळ लिहिते, लाज वाटत असली तरी. मी जगाच्या नकाशाला खोटारडा म्हणत फिरत होते आणि माझं स्वतःचं पत्रक खोटं होतं. बेन घरोघरी फिरल्या होत्या. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं होतं. आणि आमच्या बायकाही वेड्या नव्हत्या. गावचं नाव टिकवण्यासाठी त्यांनी इथलं नाव दिलं नाही, आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की दोन्ही याद्या वेगळ्या आहेत. तिकडे गावी आमची कुलूप लावलेली घरं माणसांनी भरलेली मोजली जात होती. इकडे भरलेल्या गल्ल्या रिकाम्या. असं किती ठिकाणी असेल? दुबईत, कुवेतमध्ये, मुंबईत, जिथं जिथं माणसं कामाला जातात आणि घर दुसरीकडे आहे म्हणतात. आता जगाचा कुठलाही लोकसंख्येचा नकाशा बघितला की मला वाटतं, यातला प्रत्येक ठिपका कोणत्या तरी दारात, कोणाच्या तरी एका उत्तरावरून पडलाय.

मी खाडीच्या पलीकडे बेनना भेटायला गेले. त्या पोरांना खिचडी वाढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आव, निषेध!" ये, निषेध. पत्रक त्यांनी वाचलं होतं.

मी म्हटलं, बेन, चूक झाली, मी ते मागे घेते, नवीन छापते. त्या म्हणाल्या, "छापवानी जरूर नथी. तारी मम्मीने ज पूछी ले." छापू नको, आईलाच विचार. मी म्हटलं, विचारलं. त्या हसल्या आणि माझ्या हातात खिचडीचा डाव दिला. पोरांना वाढून झाल्यावर त्यांनी सांगितलं की अंगणवाडीच्या रजिस्टरला रेशन कार्डाशी काही देणंघेणं नाही. पोर आज कुठं झोपतं तेवढंच. अर्ज पुन्हा करा, त्या पुन्हा येतील.

आणि मी नवीन पत्रक छापलंच. त्यात दोषी कोण ही ओळ नव्हती. ती जागा मोकळी ठेवणं मला जड गेलं, पण वर लिहिलं होतं की आधीचं पत्रक चुकीचं होतं आणि ते मी लिहिलं होतं. खाली बेननी सांगितलेलं रजिस्टरचं, साध्या शब्दांत. संघटनेतला एकजण म्हणाला, अशानं आपला दरारा जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, पोरं मोजून होऊ देत.

बेन एका सकाळी आल्या, कटिंगचे गठ्ठे नुकतेच उतरले होते तेव्हा. आईने त्या दिवशी कँटीनमधून सुट्टी घेतली होती. का, ते तिने सांगितलं नाही. बेननी आमच्या दारात बसून रजिस्टर उघडलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीने माझा हात दाबला आणि स्वतः पुढे झाली.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली. "अडीच वर्षांची. इथंच राहते. मीपण इथंच राहते."

आईने वहिनीकडे बघितलं. मग बेनना विचारलं, "याने गावचं रेशन कटणार नाही ना?"

"ना, ना."

"लिहून द्या."

बेन म्हणाल्या, लिहून कसं देऊ, माझ्याकडे तसला कागद नाही. आई म्हणाली, मग तोंडाने सगळ्यांसमोर सांगा. आणि तिने बेनना हाताला धरून उठवलं, शेजारच्या दारात नेलं. तिथल्या बाईने सवयीने 'आम्ही अमळनेर' म्हणायला सुरुवात केली तर आई तिच्यावर खेकसली, "अमळनेर राहू दे. पोरं किती ते बोल. दोन ना? ती धाकटी कुठंय, मागे लपवलीस का?" अशी ती चारही गल्ल्या फिरली. मावशींच्या दारात दोघींचं भांडण झालं, कारण मावशींचा नातू आधी गावी होता आणि परवाच आला होता, आणि तो आला की आला नाही यावर मावशींचं मत ठरत नव्हतं. आईने त्याला बाहेर ओढून बेनसमोर उभं केलं. मी रजिस्टर धरून मागून चालत होते, आणि मला कोणी एक शब्द विचारला नाही.

मंजुरीला वेळ लागला, पण मिळाली. तोवर बेनच्या मदतनीस आठवड्यातून तीन दिवस आमच्याच मंडपात बसायला लागल्या. वहिनी मशीनवर गेली, पहिल्या दिवशी बोटात सुई घुसवून आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

आखाजीला आम्ही सगळे गावी गेलो. दारी झोका बांधलेला, पुरणपोळ्या, आंब्याचा रस. काकूने भाचीसाठी दोन नवे फ्रॉक शिवून ठेवले होते, थोडे मोठे, वर्षभर पुरतील असे. निघायच्या दिवशी ती आईला म्हणाली, "पोरले आठेच ठेवशात ना?"

वहिनी पिशव्या भरता भरता थांबली. मी बोलायला निघाले होते, पण आई बोलली.

"नही वं. तिनं नाव सुरतले लागेल शे."

काकूने फ्रॉकची घडी उलगडली, पुन्हा घातली. "आन् तुमनं?"

"आमनं आठेच," आई म्हणाली, आणि फ्रॉक घेऊन वहिनीच्या पिशवीत वरच ठेवले.